वाटीखालचा फासा

त्या रविवारी सकाळी मी गॅसवर वांगी भाजत होते. भरताची मोठी हिरवी वांगी, आदल्या दिवशी आबांनी बाजारात एकेक दाबून, उचलून, परत ठेवून निवडलेली. जानेवारी होता. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवूनही धूर डोळ्यांत जात होता. दाराची बेल वाजली, आबांनी दार उघडलं आणि धुळ्याहून पहिल्या गाडीने आलेल्या हिलालकाकांचा आवाज आला. दोघं दारातच उभं राहून काहीतरी बोलले आणि हसले. मी हात पुसून बाहेर आले तोवर ते बोलणं संपलं होतं.

हे मी आधी सांगते, कारण पुढे त्या दारातल्या बोलण्याला महत्त्व आलं.

आबा म्हणजे माझे वडील, प्रेमराज. एसटीत धुळे आगारात वाहतूक नियंत्रक होते. धुळ्याच्या स्थानकावर तीस वर्षं ज्यांनी गाडीची वाट पाहिली, त्यांनी त्यांचा आवाज ऐकलेला आहे. 'एरंडोल, पारोळामार्गे' हे दोन शब्द ते असे म्हणत की ती गावं फार लांबची आणि फार छान असावीत असं वाटायचं. निवृत्तीनंतर ते देवपूरमधल्या घरी राहिले. मी जळगावात एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते आणि एकटी राहते. आई गेल्यावर ते महिन्यातून दोन-तीनदा माझ्याकडे येत, कधी रविवारपुरते, कधी चार दिवस.

खेळ मी आणला होता. आईनंतर आबा फार बोलेनासे झाले होते. पुण्याला एका मैत्रिणीकडे हा खेळ पाहिला होता, त्याचं नियमांचं इंग्रजी पुस्तक मी विकत घेतलं आणि सहज त्यांच्यापुढे ठेवलं. खेळ साधा आहे. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. भिंत चढायची आहे, कुलूप उघडायचं आहे, राक्षसाशी लढायचं आहे, आणि जमेल की नाही हे ठरवायला वीस पैलूंचा फासा टाकायचा. आबांनी शब्दकोश घेऊन ते पुस्तक दोन महिन्यांत वाचून काढलं. मग आगारातल्या गाड्यांच्या नोंदींच्या जुन्या लॉगशीटच्या कोऱ्या बाजूंची वही शिवली आणि त्यात आपल्या मराठीत नियम लिहिले. गोष्ट सांगणारा तो सूत्रधार. आपल्यावर चाल झाली की स्वतःला वाचवायला टाकायचा तो बचावाचा फासा. आणि दुसऱ्याचं मन ताब्यात घेण्याची जी विद्या होती, तिला त्यांनी मोहिनी म्हटलं.

आम्ही तिघं खेळणारे. हिलालकाका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक, आबांचे शेजारी. त्यांचा पैलवान होता, भैरू नावाचा. ज्योती माझ्या कॉलेजातली, प्रयोगशाळा सांभाळते. ती चोर. आणि मी रेवती, मोहिनी जाणणारी.

रेवतीमुळेच सगळ्यात जास्त भांडणं व्हायची.

"मंग त्या पहारेकरीले सांग ना," हिलालकाका पहिल्यांदा म्हणाले होते, "बुरुजवरथून उडी मार म्हना. काम खल्लास."

"जमणार नाही, हिलाल," आबा म्हणाले. "जीव जाईल असं काम मोहिनी करवून घेऊ शकत नाही."

"बरं, मंग त्यानीच राजाले मारू दे."

"तो राजाशी इमानी आहे. स्वभावाबाहेरचं नाही करणार."

"मंग हाई कसानी जादू? मना घरमा मनी बायको याना पेक्षा जास्ती करी लेस!"

ज्योती हसून लवंडली होती. आबाही हसले, पण नियम हलला नाही. मोहिनी टाकायची तर वाक्य मोठ्याने बोलायचं, नेमकं काय सांगायचं ते. मनातल्या मनात टाकलेली धरायची नाही. समोरच्याला ते पटेल असं हवं. तास उलटला की असर संपतो. आणि असर संपला की समोरच्याला कळतं, आपल्यावर मोहिनी टाकली होती.

"हे शेवटचं काढून टाका ना आबा," मी एकदा म्हटलं होतं. "सगळे मागून शत्रू होतात माझे."

"ते काढलं तर उरलं काय?" ते म्हणाले. "कळणारच ना माणसाला. आज नाही तर तासाने."

त्या रविवारी भरीत आणि कळण्याच्या भाकरी होईपर्यंत तासभर खेळायचं ठरलं. आम्ही गोष्टीत तापीच्या काठी पोचलो होतो. काठावर एका म्हाताऱ्या नावाड्याची झोपडी, झोपडीच्या जमिनीखाली भुयार, भुयार पार किल्ल्यापर्यंत. नावाडी झोपडीत असेपर्यंत जमीन खणता येत नव्हती. भैरू त्याला बांधून घालायला निघाला होता.

"म्हाताऱ्याला कशाला मारता," मी म्हटलं. "मी पाठवते त्याला."

"मोठ्याने बोल," आबा म्हणाले. त्यांच्यापुढे कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा आडोसा होता, त्यामागे वही. चष्म्यावरून ते माझ्याकडे बघत होते.

मी रेवतीच्या आवाजात म्हटलं, "नावाडीबाबा, पलीकडच्या काठावर तुमची जाळी वाळत घातली आहेत ना? वारा सुटलाय. अंधाराच्या आत जाऊन काढून आणलीत तर बरं. नाहीतर तुमचंच नुकसान व्हायचं."

"बघा," ज्योती म्हणाली, "ही बाई कायम समोरच्याच्या भल्याचंच बोलते. मला सुट्टी टाकायला लावली तेव्हाही असंच. 'ज्योती, तुझी तब्येत बघ गं.' आणि माझ्या जागी स्वतः गेली सेमिनारला."

"तुझी तब्येत खरंच बरी नव्हती."

"तेच तर म्हणतेय मी!"

मग तिने खेळातला मुद्दा काढला. वर पाऊस झालाय, नदीला पूर येणार हे आबांनीच मघाशी सांगितलं, मग नावाड्याला नदीत पाठवणं म्हणजे जिवावरचं काम झालं. मोहिनी चालायला नको.

आबांनी वहीत पाहिलं. "ते मी सूत्रधार म्हणून सांगितलं. रेवतीला ठाऊक आहे का, पूर येणार ते?"

"तिला नाही ठाऊक," मी म्हटलं.

"मग चालेल. टाकणाऱ्याला माहीत नसेल तर चालतं."

त्यांनी आडोशामागे फासा खुळखुळवला. लपवून टाकलेल्या फाशाची आमच्याकडे एक रीत होती. बैठक तिथेच संपत असेल तर फाशावर स्टीलची वाटी पालथी घालायची आणि पुढच्या बैठकीला सगळ्यांसमोर उचलायची. तोवर कुणी हात लावायचा नाही. ही रीत हिलालकाकांमुळे पडली, कारण ते दर वेळी डोकावून बघत. आबांनी वाटी पालथी घातली, वर दोन बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "नावाडी पुढच्या रविवारी. आता जेवू."

जेवण झालं. हिलालकाका अडीचच्या गाडीने गेले, ज्योती तिच्या घरी गेली. आबा गुरुवारपासून माझ्याकडे होते. ते दिवाणावर पडले आणि म्हणाले, "मंगळवारपर्यंत राहावं म्हणतो. जरा दमल्यासारखं वाटतंय."

मला सोमवार-मंगळवार सुट्टी होती. एक जाडजूड पुस्तक अर्ध्यावर आलं होतं. चार दिवस घरात रेडिओ चालू होता, दर दोन तासांनी चहा होत होता, आणि मी उघडलेल्या प्रत्येक पानावर "काय वाचतेस?" हा प्रश्न होता. यापेक्षा मोठं कारण नव्हतं. असतं तर आज सांगायला बरं पडलं असतं.

मी म्हटलं, "आबा, ती पाण्याची मोटर आवाज करते म्हणत होता ना? बंद पडली तर टाकीत थेंब नाही राहायचा. या थंडीत तुमचेच हाल. आज गेलात तर उद्या सकाळी मिस्त्री बोलावता येईल."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, बहुतेक नेहमीसारखंच.

"हो," ते म्हणाले. "तेही खरंच."

त्यांनी स्वेटर घातला, वही पिशवीत ठेवली. टेबलावरची वाटी तशीच राहू दिली. साडेचारच्या गाडीला मी त्यांना स्थानकावर सोडलं. खिडकीत बसल्यावर ते स्वतःच्या जुन्या आवाजात म्हणाले, "एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याकडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे." मागच्या सीटवरची बाई दचकून खरंच बोर्ड बघायला लागली. मी हसले. "पोचल्यावर फोन करा," म्हटलं.

सात वाजून गेल्यावर फोन आला. "पोचलो गं. मोटर बघितली. ठीक आहे."

"बरं झालं."

"हो. बस आता. पुस्तक संपव."

सोमवारी सकाळी सात वाजता ते फिरायला खाली आले नाहीत म्हणून हिलालकाका वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आबा खुर्चीत बसलेले होते, एका पायात बूट होता. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, कुणाला काही करता आलं नसतं. डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगतात की खरंच तसं होतं, मला ठाऊक नाही. माझ्या घरापासून मोठा दवाखाना दहा मिनिटांवर आहे.

धुळ्याला पंधरा दिवस राहून मी जळगावला परत आले. टेबलावर वाटी होती.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या सुनंदाबाईंनी मी नसताना फरशी पुसली होती, पण टेबलाला हात लावला नव्हता. आता त्या वाटी उचलायला गेल्या. "ताई, ही घासायला घेऊ?"

"नको!" मी एवढ्याने ओरडले की त्यांच्या हातातला फडका पडला. नंतर मी त्यांना चहा करून दिला. त्यांनी तो घेतला, पण त्या दिवसापासून त्या टेबलाच्या त्या बाजूने जाईनाशा झाल्या. आत काय आहे असं त्यांना वाटत होतं, कुणास ठाऊक.

आत फक्त एक फासा आहे हे मला ठाऊक होतं. आणि तरी मी जेवायला ओट्याशी उभी राहू लागले. दुपारी झोपले असताना तो खुळखुळण्याचा आवाज दोनदा ऐकला. दोन्ही वेळा उठून बघितलं. वाटी तिथेच होती, भोवती धुळीचं गोल कडं धरलेलं.

मी बरंच वाचलेलं आहे. माणसं गेल्यावर मागच्यांची मनं काय काय खेळ करतात त्यावरही वाचलेलं आहे. त्याचा उपयोग झाला नाही. मला दुसरंच एक वाक्य धरून बसलं होतं, आबांनी स्वतः लिहिलेलं: असर संपला की समोरच्याला कळतं.

कळलं होतं का त्यांना?

एवढंच मला हवं होतं. त्यांना मी पाठवलं, हे मला माहीत होतं. दमलेल्या माणसाला गोड बोलून अडीच तासांच्या गाडीत बसवलं, हेही माहीत होतं. पण त्यांना ते कळलं होतं का? की शेवटपर्यंत खरंच मोटरीसाठी चाललोय असं समजून ते गेले? कधी वाटायचं, कळलं नसेल तर बरं. मग वाटायचं, कळलं नसेल तर मी त्यांना फसवून मारलं. कळलं असेल तर काय, इथपर्यंत मी जातच नव्हते.

मोहिनी एक तास टिकते. गाडी साडेचारला सुटली, तास मी तिथून मोजला. म्हणजे साडेपाचला.

एका शनिवारी मी तीच गाडी धरली. त्यांच्याच बाजूच्या खिडकीत बसले. कंडक्टरने "कुठं?" विचारलं, तर पटकन नाव सुचेना, शेवटी धुळ्याचं तिकीट काढलं. स्थानकावरच्या भोंग्यातून आता आधीच भरून ठेवलेला बाईचा आवाज येतो, प्रत्येक गावाचं नाव वेगळ्या दिवशी म्हटल्यासारखा. पाळधी गेलं. एरंडोलला दहा मिनिटं गाडी थांबली, एकजण शेंगा विकायला चढला आणि उतरला. घड्याळात साडेपाच झाले तेव्हा गाव नुकतंच मागे पडलं होतं. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली शेतं, उभ्या पऱ्हाट्या, त्यांच्या बोंडांत अडकलेले थोडेसे धागे. ऊन पूर्ण आडवं झालेलं. ते खिडकीतून थेट डोळ्यांवर येत होतं. आबांनी इथे डोळ्यांवर हात धरला असेल. इथेच त्यांना एकदम आठवलं असेल, आपण मंगळवारपर्यंत राहावं म्हटलं होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "पारोळामार्गे." मी वळून पाहिलं. मागच्या सीटवर शाळेची दोन मुलं होती, दोन्ही झोपलेली.

मी पारोळ्याला उतरले आणि उलटी गाडी धरून घरी आले.

ज्योतीला मी काहीच सांगितलं नव्हतं, पण ती रोज ग्रंथालयात डोकावायची. एक दिवस म्हणाली, "टेबलावरच्या त्या वाटीचं काय करणार आहेस?"

"काही नाही."

"पुनम, ती वाटी आहे. समाधी नाही."

"पुढच्या बैठकीला उचलायची असते."

"मग बैठक घे." तिने माझ्यासमोरच फोन काढला. "हिलालकाका? ज्योती बोलतेय. या रविवारी या. हो, खेळायला. नाही, तिला विचारलं नाही. वही तिकडे आबांच्या घरीच आहे ना, ती घेऊन या."

तर फेब्रुवारीतल्या त्या रविवारी हिलालकाका आले. पहिल्याच गाडीने, नेहमीसारखे. दारात उभे राहिले आणि आत कुणाशी बोलायचं ते न कळून तसेच थांबले. मग चपला काढून आत आले. वही त्यांनी पिशवीतून काढली, वर टॉवेल गुंडाळलेला. ती त्यांनी मला दिली नाही. आबांच्या खुर्चीतही बसले नाहीत. आपल्या जागेवर बसून ती मांडीवर ठेवली.

"मी उघाडेल नही," ते म्हणाले. "तुनंच काम ते."

मीही हात पुढे केला नाही. चहा झाला. ज्योतीने पुठ्ठ्याचा आडोसा उगाच सरळ केला. मला वाटलं, आता विचारलं नाही तर हा रविवारही जाईल.

"काका, त्या दिवशी आबा घरी आले तेव्हा भेटले होते तुम्हाला?"

"हां, भेटनात ना. जिनावरच."

"मोटरीचं काही बोलले? मिस्त्री बोलवायचा वगैरे?"

"कसानी मोटर?"

"पाण्याची. आवाज करत होती ती."

हिलालकाका माझ्याकडे बघत राहिले. "मोटर ते शुक्कारलेच नीट व्हई जायेल व्हती. मीच करी. बेअरिंग जायेल व्हतं." मग दाराकडे हात करून म्हणाले, "ऐतवारले सकाय उनू तव्हय सांगं ना मी भाऊले. इथंच, दारमा. म्हनं, तुमनी मोटर आते नवरीसारखी चूप शे. हासनात ते. तू वांगा भुंजी ऱ्हायंती."

मला त्या दिवशीचा धूर डोळ्यांत आल्यासारखं झालं. ज्योतीला काही कळलं नव्हतं. ती आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"मग तुम्हाला काय म्हणाले ते? लवकर आले म्हणून तुम्ही विचारलंच असेल."

"विचारं ना. म्हनं, काय भाऊ, सकाय ते दारमा मंगयवारले येसू म्हनेल व्हतात ना? ते म्हने..." काका अडखळले. त्यांनी चष्मा काढला. "तुले वाईट वाटी म्हनूनशान मी सांगं नही. तेराव्याले बठ्ठा लोकसमा काय सांगू? तेस्नी काही रागमा म्हनेल नही, बरं का. हासत व्हतात. म्हने, पोरले पुस्तक वाचानं शे."

 खाली रस्त्यावर केळीची गाडी ओरडत गेली.

मी काकांना मोटरीची सगळी गोष्ट सांगितली. एका दमात, जमिनीकडे बघत. काय म्हटलं होतं, कुठल्या आवाजात, ते काय म्हणाले. ज्योतीने मध्ये एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मग तो काढून घेतला.

म्हणजे एरंडोलनंतर नाही. एका तासाने नाही. मी 'मोटर' म्हणाले त्याच क्षणी ते मला बघत होते आणि त्यांना सगळं ठाऊक होतं. "तेही खरंच," म्हणून त्यांनी स्वेटर घातला. आणि संध्याकाळी फोनवर, माझं खोटं उघडं पडू नये म्हणून, "मोटर बघितली. ठीक आहे."

"वाटी उचल," ज्योती हळूच म्हणाली.

मी उचलली. धुळीच्या गोल कड्याच्या आत टेबल स्वच्छ होतं. फासा नव्हता.

"अरे!" ज्योती खाली वाकून बघायला लागली. "सुनंदाबाईंनी..."

"त्या हात लावत नाहीत तिला."

हिलालकाकांनी खिशातून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली. आत आबांचा चष्मा होता आणि निळा, वीस पैलूंचा फासा. "खिसामा व्हता तेस्ना. स्वेटरना. माले वाटनं, त्यास्नाकडे दोन शेत."

दोन नव्हते. एकच होता. मीच आणला होता.

मग मी वही मागितली. शेवटचं लिहिलेलं पान शोधायला वेळ लागला नाही, तिथे एसटीचं जुनं तिकीट खूण म्हणून घातलेलं होतं. गुरुवारची तारीख होती. माझ्याकडे यायला निघण्याआधी, घरी बसून, त्यांनी ते लिहिलं होतं. मी वाचू लागले, पण दुसऱ्या ओळीवरच वही ज्योतीकडे सरकवली. मग ज्योतीने वाचलं.

"नावाडी. वय सत्तरच्या पुढे. झोपडीखाली काय आहे ते याला माहीत आहे. भैरू मारामारी काढेल. रेवती करू देणार नाही, ती नावाड्याला त्याच्याच भल्याचं काहीतरी सांगून पाठवील. मोहिनी लागू नाही. जो राजी आहे त्याच्यावर मोहिनी चालत नाही. बचावाचा फासा टाकू नये, नुसता खुळखुळवावा व वाटी पालथी घालावी, म्हणजे हिलालला आठवडाभर काम. नावाडी उठून जाईल. पुढच्या बैठकीत तो होडीत बसलेला असेल, होडी सोडलेली नसेल. जाताना काठावर जरा रेंगाळावा. रेवतीने नुसतं थांबा म्हटलं तरी थांबेल. म्हणते का बघू."

खाली एक ओळ वेगळी होती, नेहमीच्या नियमांसारखी रेघ मारलेली. "मोठ्याने म्हटलं पाहिजे."

ज्योतीने वही टेबलावर ठेवली, आबांच्या जागेसमोर. तिने नाक पुसलं आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज येईना, म्हणजे नुसतीच उभी होती.

हे त्यांनी गुरुवारी लिहिलं होतं. मोटरीचं मी रविवारी बोलले. त्यांना काही पुढचं दिसत नव्हतं, त्यांना फक्त मी माहीत होते. मला साडेचारचं स्थानक आठवलं. गाडी फलाटाला लागल्यावरही ते लगेच चढले नव्हते. आधी बाटली भरून आणली. मग पेपरच्या टपरीपाशी उभे राहिले, काही घेतलं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चढू ना?" मी म्हटलं होतं, "चढा, जागा जाईल."

हिलालकाकांनी फासा उचलून रिकाम्या कड्यात ठेवला. मग सूत्रधार व्हायची कुणावर तरी वेळ येणारच होती म्हणून असेल, किंवा मला काय करावं ते सुचत नव्हतं हे त्यांना दिसलं म्हणून असेल, त्यांनी वही आपल्याकडे ओढली, स्वतःचा चष्मा लावला आणि त्या पानावर बोट ठेवलं. नावाड्याचा आवाज त्यांना जमला नाही. ते स्वतःच्याच आवाजात बोलले.

"नावाडी होडीमा बसेल शे. तुनाकडे देखी ऱ्हायना. काय सांगनं शे, सांग."

रेवतीचा आवाज मी शोधला. तो आला नाही. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, आबांची खुर्ची थोडी मागे सरकलेली होती, ते उठून जेवायला गेले तेव्हा सरकली होती तशी.

"आबा," मी म्हटलं.

आवाज फार लहान आला. काकांनी बोटाने पानावर टकटक केलं. मोठ्याने.

"आबा, मोटरीचं मी खोटं म्हटलं होतं. मला दोन दिवस एकटीला वाचत बसायचं होतं. तुम्ही दमला होता ते मला दिसत होतं. मी तुम्हाला राहा म्हटलं नाही. कधीच म्हटलं नाही, आई गेली तेव्हासुद्धा नाही. तुम्ही येत गेलात आणि मी गाडीच्या वेळा सांगत गेले." मला श्वास घ्यावा लागला. "ते पुस्तक मी अजून संपवलेलं नाही. आबा, चढू नका. थांबा. मला तुम्ही इथे हवे आहात."